खांद्याचा एमआरआय: सुप्रास्पायनेटसमधला उजळ पट्टा, बिघडलेलं फॅट सॅट आणि हाताची ठेवण

दीड_टेस्ला

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या ठिकाणी १.५ टेस्लाचं मशीन आहे, खांद्याची वेगळी ८ चॅनेलची कॉइलही आहे. सध्याचा प्रोटोकॉल असा: तिन्ही प्लेनमध्ये (ॲक्सियल म्हणजे आडवे काप, कोरोनल समोरून, सॅजिटल बाजूने) पीडी फॅट सॅट (चरबीचा सिग्नल दाबलेली प्रोटॉन डेन्सिटी इमेज), टीई (पल्सनंतर सिग्नल टिपेपर्यंतची वेळ) ३० मिलिसेकंद, स्लाइस ४ मिमी, एफओव्ही (चित्रात येणारं क्षेत्र) १८ सेंमी आणि शेवटी एक टी१ (चरबी उजळ दाखवणारी इमेज) कोरोनल. पेशंट उताणा, हात पोटावर, कारण दुखऱ्या खांद्याला तसंच बरं वाटतं.

अडचणी तीन. सुप्रास्पायनेटसचा (हात बाजूला उचलणाऱ्या, खांद्याच्या वरच्या स्नायूचा) टेंडन हाडाला चिकटतो तिथून साधारण १ सेंमी आत बऱ्याच पेशंटमध्ये उजळ पट्टा दिसतो. रिपोर्टमध्ये 'टेंडिनोसिस किंवा पार्शल टेअर' (टेंडनची झीज किंवा अर्धवट फाट) असं जातं आणि ऑर्थोचा (हाडांच्या डॉक्टरांचा) फोन येतो की नक्की काय ते सांगा. दुसरं, दंडाच्या बाहेरच्या कडेला आणि काखेकडे फॅट नीट दबत नाही, पांढरे ढग राहतात. तिसरं, कोरोनल इमेजवर एकामागे एक सावल्या उमटतात.

याशिवाय खेळाडू पोरांच्या निसटणाऱ्या खांद्यासाठी 'आर्थ्रोग्राम (सांध्यात कॉन्ट्रास्ट टोचून केलेला एमआरआय) करता का' अशी विचारणा व्हायला लागली आहे. सुरू करायचं तर काय काय लागतं?

कॉइल_आणि_उशी (एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट)

ताई, हात पोटावरून काढा. तुमच्या तीनपैकी दोन अडचणींचं मूळ तिथेच आहे.

हात पोटावर ठेवला की दंडाचं हाड आत वळतं. पुढची कॅप्सूल (सांध्याभोवतीचं आवरण) सैल पडते, सबस्कॅप्युलॅरिस (पात्याच्या पुढचा स्नायू) गोळा होतो आणि कोरोनल स्लाइसमध्ये सुप्रास्पायनेटस व इन्फ्रास्पायनेटस (पात्याच्या मागचा स्नायू) यांचे तंतू एकमेकांवर येतात. त्या जागी मधला राखाडी सिग्नल दिसतो आणि तो फाटल्यासारखा वाटतो. शिवाय प्रत्येक श्वासागणिक पोट वर-खाली होतं, त्याबरोबर हात आणि हाताबरोबर खांदाही हलतो. तुमच्या सावल्या बहुतेक त्याच.

हात अंगालगत सरळ, तळवा मांडीकडे, अंगठा छताकडे. जमलं तर अंगठा थोडा बाहेर झुकू द्या. तळवा पूर्ण वर करायला लावू नका. त्या स्थितीत दुखणारा माणूस वीस मिनिटं तग धरत नाही, तिसऱ्या सिक्वेन्सला हात हळूच आत वळवतो आणि मग कुठलेच दोन प्लेन एकमेकांशी जुळत नाहीत. कोपराखाली घडी केलेली चादर द्या, म्हणजे दंड खांद्याच्या पातळीत येईल. गुडघ्यांखाली उशी, तळव्यात वाळूची पिशवी, वरून पट्टा. पिशवी एमआरआयसाठीचीच हवी. काही साध्या पिशव्यांत लोखंडी छरे भरलेले असतात.

वळण बरोबर आहे का ते लोकलायझरनंतरच्या (जागा ठरवणाऱ्या सुरुवातीच्या स्कॅननंतरच्या) पहिल्या ॲक्सियलवर पाहा. बायसेप्सची खाच (दंडाच्या हाडावरची, बायसेप्सचा टेंडन बसतो ती) पुढे किंवा किंचित बाहेरच्या बाजूला असेल तर ठीक. ती आतल्या बाजूला, ग्लेनॉइडकडे (पात्यावरच्या सांध्याच्या वाटीकडे) पाहत असेल तर स्कॅन थांबवा आणि हात पुन्हा लावा. या दोन मिनिटांचा कंटाळा केला की पुढची वीस वाया.

हात आणि मांडी यांच्यामध्ये कापड ठेवायला विसरू नका. कातडीला कातडी टेकली की विजेच्या प्रवाहाचं वेटोळं तयार होतं आणि त्या बिंदूवर भाजतं. मशीनच्या भिंतीकडून कोपरालाही पॅड द्या.

फेज एन्कोडिंगची दिशा (हालचालीच्या सावल्या जिकडे पसरतात ती) तपासा. छाती खांद्याच्या आतल्या बाजूला असते. फेज डावी-उजवीकडे असेल तर श्वासाची सगळी भुतं थेट सांध्यावर येऊन बसतात. ॲक्सियलला पुढून-मागे आणि कोरोनलला वरून-खाली ठेवा, गुंडाळून येणारा भाग टाळायला ओव्हरसॅम्पलिंग (चौकटीबाहेरचाही सिग्नल घेणं) लावा आणि छातीवर सॅचुरेशन बँड (तिथला सिग्नल दाबणारी पट्टी) टाका.

आता फॅट सॅट. १.५ टेस्लावर पाणी आणि चरबी यांच्यात जेमतेम २२० हर्ट्झचा फरक असतो. खांदा मशीनच्या मध्यापासून लांब, वर त्याचा गोल आकार, बाजूला हवा. चुंबकीय क्षेत्र तिथे सारखं राहत नाही आणि पल्स चरबीऐवजी भलतीकडेच लागते. पेशंटला टेबलावर दुसऱ्या बाजूला जितकं सरकवता येईल तितकं सरकवा. शिमचा (चुंबकीय क्षेत्र सारखं करण्याचा) चौकोन फक्त सांध्यावर लावा, त्यात बाहेरची हवा येऊ देऊ नका. एवढं करूनही ढग राहिले तर डिक्सन (पाणी-चरबी वेगळी काढणारी पद्धत) असल्यास ते वापरा, नसल्यास एक कोरोनल स्टिर (चरबी वेळेच्या हिशोबाने दाबणारा सिक्वेन्स) घ्या, टीआय (ती वेळ) १५० ते १६० मिलिसेकंद. स्टिर दाणेदार दिसतं, पण फसवत नाही.

काळं_पांढरं_राखाडी (रेडिओलॉजिस्ट)

हाताच्या ठेवणीबद्दल वर लिहिलंय ते पूर्ण पटतं. उजळ पट्ट्याचं दुसरं कारण तुमच्या टीईमध्ये आहे.

टेंडनमधले कोलॅजनचे तंतू मुख्य चुंबकीय क्षेत्राशी साधारण ५५ अंशांचा कोन करतात तिथे त्यांचा टी२ (सिग्नल विझण्याचा काळ) लांबतो. एरवी काळा दिसणारा टेंडन मग कमी टीईच्या इमेजवर उजळतो. हाच मॅजिक अँगल. सुप्रास्पायनेटस दंडाच्या हाडाच्या डोक्यावरून वळसा घेतो, तो कोन नेमका चिकटण्याच्या जागेच्या १ सेंमी अलीकडे जुळतो. पंचाईत अशी की खरी झीज आणि खरे टेअरही त्याच भागात होतात. त्यामुळे 'मॅजिक अँगल असेल' म्हणून सोडून देता येत नाही आणि 'टेअर असेल' म्हणून लिहूनही टाकता येत नाही.

उपाय सोपा आहे. पीडी फॅट सॅटचा टीई ३० वरून ४० ते ४५ करा आणि त्याच कोरोनल प्लेनमध्ये टीई ७०च्या आसपासचा टी२ फॅट सॅट जोडा, स्लाइसच्या जागा कॉपी करून. लांब टीईवर पट्टा नाहीसा झाला, टेंडनची जाडी आणि कडा शाबूत असल्या, तर तो कोनाचा खेळ. राखाडीच राहिला आणि टेंडन जाडसर असेल तर टेंडिनोसिस. सांध्यातल्या पाण्याइतका पांढरा राहिला तर टेअर. हा फरक रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिता आला की ऑर्थोचे फोन कमी होतील.

स्लाइस ३ मिमी, गॅप ०.३ मिमी, एफओव्ही १६ सेंमी, मॅट्रिक्स (चित्रातल्या बिंदूंची संख्या) ३२० बाय २५६. पण हिशोब आधी करून ठेवा. मॅट्रिक्स तेच ठेवून १८ सेंमी व ४ मिमीवरून इथे आलात तर व्हॉक्सेलचं (चित्राच्या एका ठोकळ्याचं) आकारमान आणि त्याबरोबर सिग्नल आधीच्या सुमारे ६० टक्क्यांवर येतो. ॲव्हरेज (तोच सिग्नल किती वेळा घ्यायचा) १ वरून २ केलं तर १.४ पट मिळतं, म्हणजे ८४ टक्क्यांपर्यंत चढता, वेळ मात्र दुप्पट. वेळ वाचवायचा तर टी१ कोरोनल काढून टाका. त्याऐवजी टी१ सॅजिटल घ्या, त्याचा उपयोग कितीतरी जास्त.

तो सॅजिटल कुठपर्यंत घेता यावर बरंच अवलंबून असतं. ग्लेनॉइडच्या पृष्ठभागाला समांतर लावायचा, बाहेर ग्रेटर ट्युबरॉसिटीच्या (दंडाच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्याच्या) पलीकडून सुरू करून आत खांद्याच्या पात्याचा इंग्रजी वाय दिसेपर्यंत, आणि त्याच्याही आत दोन स्लाइस. स्नायूत चरबी किती शिरली आहे हे त्या वायच्या स्लाइसवर ठरतं. गुटालिए ग्रेड ० म्हणजे चरबी नाही, १ म्हणजे तुरळक रेषा, २ म्हणजे स्नायूपेक्षा चरबी कमी, ३ ला निम्मी-निम्मी, ४ ला चरबीच जास्त. बाहेरून येणाऱ्या फिल्ममध्ये सॅजिटल बऱ्याचदा ग्लेनॉइडपाशीच संपलेला असतो, मग ग्रेड देणार कशावर? एक सावधगिरी: टेंडन तुटून मागे सरकला असेल तर स्नायूचा फुगीर भागही आत सरकतो, आणि वायच्या स्लाइसवर स्नायू आहे त्यापेक्षा बारीक भासतो.

कोरोनल लावताना ॲक्सियलवर सुप्रास्पायनेटसचा टेंडन पाहून त्याला समांतर रेषा ठेवा, स्नायूच्या पोटाला नाही. दोन्हींच्या दिशेत थोडा फरक असतो. ॲक्सियल एसी जॉइंटच्या (कॉलरबोन आणि ॲक्रोमियन यांच्या सांध्याच्या) वरून सुरू करा, म्हणजे न जुळलेलं ॲक्रोमियन (पात्याचं वरचं टोक) सुटणार नाही. खाली काखेतल्या कॅप्सूलच्या तळापर्यंत जा.

सुटतात ते टेअर दोन प्रकारचे. एक, सुप्रास्पायनेटसच्या अगदी पुढच्या तंतूंचा, बायसेप्सच्या खाचेलगत, हाडाला चिकटण्याच्या जागीच. कोरोनलच्या पुढच्या दोन-तीन स्लाइस घाईत सरकवल्या की तो गेला. दुसरा सबस्कॅप्युलॅरिसच्या वरच्या तंतूंचा. हा कोरोनलवर शोधूच नका, ॲक्सियल आणि सॅजिटल पाहा. बायसेप्सचा टेंडन खाचेतून आतल्या बाजूला घसरलेला दिसला तर सबस्कॅप्युलॅरिस फाटलेला नाही असं लिहिण्याआधी पुन्हा एकदा पाहा.

सांधेदुखी_आणि_स्क्रू (ऑर्थो)

रिपोर्ट वाचणाऱ्याच्या बाजूने लिहितो. 'पार्शल टेअर' एवढ्यावर आमचं काही ठरत नाही. सांध्याच्या बाजूचा, बर्साच्या (टेंडनवरच्या पातळ पिशवीच्या) बाजूचा की टेंडनच्या पोटातला, आणि खोली किती मिमी, हे हवं. हाडावर सुप्रास्पायनेटसचा ठसा (चिकटण्याची जागा) आतून बाहेर साधारण १२ मिमी असतो. ३ मिमीपेक्षा कमी ग्रेड १, ३ ते ६ ग्रेड २, ६च्या वर म्हणजे निम्म्याहून अधिक गेला, ग्रेड ३. पूर्ण फाटलेला असेल तर पुढून-मागे किती सेंमी आणि तुटलेलं टोक कुठे आहे: ठशाजवळ, हाडाच्या डोक्यावर, की ग्लेनॉइडपर्यंत मागे गेलंय? १ सेंमीच्या आत लहान, ३ पर्यंत मध्यम, ५ पर्यंत मोठा, त्यापुढे मॅसिव्ह. टोक ग्लेनॉइडपाशी आणि गुटालिए ३-४ असेल तर टाके धरतील याची खात्री नसते, पेशंटशी बोलणंच वेगळं होतं.

आणि आमच्याच बिरादरीला एक टोला. रिक्विझिशनवर 'एमआरआय शोल्डर, पेन' एवढंच लिहून पाठवतो आपण. वय, कोणता हात, पडला का, कधी, कुठली हालचाल अडते, साखर आहे का, आधी इंजेक्शन किंवा ऑपरेशन झालंय का, हे लिहायला अर्धं मिनिट लागतं. नुकतंच बर्सात इंजेक्शन दिलेलं असेल तर तिथे दिसणारं पाणी औषधाचंच असू शकतं. ते न कळवता 'बर्सायटिस आला' म्हणून चर्चा कशाला?

कुणाला लगेच पाठवायचं? पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात स्वतः उचलता येत नाही पण दुसऱ्याने उचलला तर सहज जातो, अशाला सहा आठवडे व्यायाम करत बसवू नका. हा ताजा टेअर असू शकतो आणि टोक मागे सरकण्याआधी समजायला हवा. ताप, वजन घटणं, आधीचा कॅन्सर, रात्रंदिवस सारखंच दुखणं, हेही थांबवायचे नाहीत. आपल्याकडे खांद्याचा क्षयही होतो. तो सूज न येता, हळूहळू सांधा आखडत आणि स्नायू वाळवत येतो, म्हणून फ्रोझन शोल्डर समजून बसण्याचा धोका असतो.

बाकीच्यांत आधी एक्स-रे. कॅल्शियमची गाठ एमआरआयवर टेंडनइतकीच काळी दिसते आणि सहज सुटते. साध्या एक्स-रेवर ती ठसठशीत असते. वेदना कोपराच्या खाली उतरते, बोटांना मुंग्या येतात, मान वळवली की वाढते, तर खांद्याऐवजी मान तपासा. चालताना किंवा जिना चढताना डावा खांदा भरून येतो आणि घाम फुटतो, त्याला आधी ईसीजी.

वयाचंही भान हवं. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ जणांचे एमआरआय केले. साठीच्या पुढच्यांत २८ टक्क्यांना पूर्ण आणि २६ टक्क्यांना अर्धवट टेअर निघाला. म्हणजे पासष्टीच्या काकूंच्या रिपोर्टात टेअर आहे एवढ्यावरून दुखणं त्याचंच असं म्हणता येत नाही. एसी जॉइंटच्या झिजेचंही तेच. बोटाने दाबून तिथे दुखत नसेल तर रिपोर्टातली ती ओळ वाचून पुढे जावं.

दीड_टेस्ला

सगळ्यांचे आभार. हाताची ठेवण, टीई आणि टी१ सॅजिटल आजपासूनच बदलते. दोन गोष्टी राहिल्या. आर्थ्रोग्रामचं कुणी लिहाल का? आणि मधुमेही पेशंटमध्ये 'फ्रोझन शोल्डर आहे का पाहा' म्हणून येणाऱ्या केसेस खूप असतात. त्यात नेमकं काय दाखवायचं?

फिजिओ_खांदेपालट

फ्रोझन शोल्डरचं निदान हाताने होतं. कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर वळवा, दुसऱ्याने वळवूनही तो दुसऱ्या बाजूच्या मानाने खूपच कमी जात असेल आणि एक्स-रे साफ असेल, तर बहुतेक तेच. रोटेटर कफच्या (खांदा फिरवणाऱ्या चार स्नायूंच्या टेंडनच्या) दुखण्यात स्वतः हलवताना अडतं, पण दुसऱ्याने हलवलं तर बाहेरचं वळण सहसा मिळतं.

'एक्स-रे साफ' या अटीला महत्त्व आहे. बाहेरचं वळण बंद करणारी आणखी दोन दुखणी आहेत, सांध्याची झीज आणि मागे निखळून अडकलेला खांदा. फिट किंवा विजेचा झटका येऊन गेलेल्या माणसात दुसरं हमखास डोक्यात ठेवा. समोरून घेतलेल्या एक्स-रेवर ते फसवतं, काखेतून घेतलेला व्ह्यू हवा. तो न घेता ताण देऊन व्यायाम सुरू केले तर नुकसानच.

मधुमेही पेशंटला सांध्यात स्टेरॉइड दिलं तर पुढचे काही दिवस साखर वर राहते, हे त्याला आधी सांगून ठेवावं.

काळं_पांढरं_राखाडी

वर फिजिओंनी म्हटलं तेच, एमआरआय इथे इतर कारणं वगळायला. तरी चिन्हं पाहावीत: काखेतली कॅप्सूल जाड आणि पाणावलेली, कोराकोह्युमरल लिगामेंट (कोराकॉइड आणि दंडाचं हाड जोडणारा बंध) ४ मिमी किंवा जास्त, कोराकॉइडखालचा (पात्याच्या पुढच्या टोकाखालचा) चरबीचा त्रिकोण बुजलेला. हा त्रिकोण टी१ सॅजिटलवर सुरेख दिसतो, त्या सिक्वेन्सचा आणखी एक फायदा. फक्त हात आत वळलेला असेल तर कॅप्सूल दुमडून उगाच जाड दिसते, म्हणजे पुन्हा आपण अंगठ्यापाशीच येतो.

आर्थ्रोग्राम मुख्यतः तरुणांच्या अस्थिर खांद्यासाठी आणि लॅब्रमसाठी (ग्लेनॉइडच्या कडेच्या कूर्चेसारख्या किनारीसाठी). खांदा नुकताच निखळून बसवला असेल तर सांध्यात साचलेलं रक्त-पाणीच कॉन्ट्रास्टचं काम करतं. पहिल्या काही दिवसांत साधा एमआरआय घ्या, सुई नको. हाडाची किती कड तुटली हे मोजायचं असेल तर सीटी जास्त उपयोगी.

साहित्य: २२ गेजची स्पायनल नीडल, सोनोग्राफी किंवा फ्लुरोस्कोपी, सलाइन, ०.५ मिलिमोल प्रति मिली ताकदीचं गॅडोलिनियम (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट). २० मिली सलाइनमध्ये ०.१ मिली. हो, फक्त ०.१, इन्शुलिनच्या सिरिंजने मोजा. म्हणजे २.५ मिलिमोल प्रति लिटर होतं. जास्त घातलं तर सांधा उजळण्याऐवजी काळा पडतो. फ्लुरोस्कोपीसाठी आयोडीनचं कॉन्ट्रास्ट सुईची जागा कळण्यापुरतंच द्या, त्यानेही सिग्नल घटतो. तयार सिरिंजवर लेबल लावा, टेबलावर दोन बिनलेबलच्या सिरिंज असणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

१० ते १२ मिली पुरे. दाब जाणवला की थांबा, आखडलेल्या सांध्यात याहून कमी मावतं आणि जोर केला तर कॉन्ट्रास्ट बाहेर झिरपून खोटा टेअर दिसतो. नळीतली हवा पूर्ण काढा. उताण्या पेशंटमध्ये बुडबुडे पुढे तरंगतात आणि सुट्या तुकड्यांसारखे दिसतात. त्यानंतर ३० ते ४५ मिनिटांच्या आत स्कॅन.

सिक्वेन्स: टी१ फॅट सॅट तिन्ही प्लेनमध्ये, एक टी२ फॅट सॅट कोरोनल. इथे स्टिर चालत नाही, ते गॅडोलिनियमचा सिग्नलही दाबून टाकतं. म्हणून फॅट सॅट सुधारल्याशिवाय आर्थ्रोग्राम सुरू करू नका असं माझं मत. शेवटी पेशंट तयार असेल तर हात डोक्याखाली घेऊन एक टी१ फॅट सॅट, दंडाच्या हाडाला समांतर. पुढचा-खालचा लॅब्रम ताणला जातो आणि जागेवरच बसलेली फट उघडते. खांदा निसटण्याची भीती असलेला माणूस ही स्थिती नाकारतो, जबरदस्ती नको.

कॉन्ट्रास्ट ॲक्रोमियनखालच्या बर्सात पोचला तर कफ आरपार फाटलाय, अर्थात सुई तिथून गेली नसेल तर.

लॅब्रम वाचताना नैसर्गिक फरक लक्षात ठेवा. उजव्या खांद्याचं घड्याळ धरलं, १२ वर आणि ३ पुढे, तर १ ते ३ मधली फट जन्मजात असू शकते. वरच्या बाजूची फट ग्लेनॉइडच्या वळणाबरोबर आत, मानेकडे जाते तेव्हा ती साधी खोबण. बाहेर, लॅब्रमच्या पोटात वळते किंवा बायसेप्सच्या मागे लांबत जाते तेव्हा टेअर समजा.

सांधेदुखी_आणि_स्क्रू

ऑपरेशन झालेल्या खांद्याबद्दल जोडतो. शिवलेला टेंडन काही महिने राखाडी दिसतोच, त्याला 'पुन्हा फाटला' म्हणू नका. पाण्याइतका पांढरा सिग्नल आरपार दिसला किंवा टेंडन जागेवर नसेल तरच. अँकर (टेंडन हाडाला धरून ठेवणारे छोटे स्क्रू) कशाचे वापरलेत ते डिस्चार्ज कार्डावर असतं, पेशंटला ते आणायला सांगा.

कॉइल_आणि_उशी

धातूचे अँकर असतील तर ३ टेस्लाच्या मागे लागू नका, तुमचं १.५च बरं. बँडविड्थ वाढवा, फॅट सॅटऐवजी स्टिर घ्या, स्लाइस पातळ ठेवा. ग्रेडियंट इको टाळा, त्यात काळा डाग फुगतो.

आत घेण्यापूर्वीच्या तपासणीत पेसमेकर, कॉक्लियर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कीस हे सगळे विचारतातच. खांद्याच्या पेशंटला आणखी तीन गोष्टी विचारा. दुखण्यावर लावलेला पॅच: काहींच्या पाठीशी धातूचा पातळ थर असतो तो तापतो, आणि शेक देणाऱ्या काही पट्ट्यांत तर लोखंडाची भुकटीच असते. दंडावर चिकटवलेला साखरेचा सेन्सर: उत्पादकाने एमआरआयमध्ये चालतो असं लिहिलं नसेल तर काढायचा. आणि 'रक्ताभिसरणासाठी' म्हणून मनगटात घातलेलं चुंबकाचं कडं. मंगळसूत्र, जोडवी लोक न सांगता काढतात, हे कडं मात्र औषध समजून घालून येतात.

दीड_टेस्ला

दंडावरच्या सेन्सरचं लक्षातच आलं नव्हतं, फॉर्ममध्ये घालते. एकच शेवटचं: दुखण्यामुळे अंगठा वर ठेवून झोपताच येत नाही, अशा पेशंटचं काय करावं?

कॉइल_आणि_उशी

त्यांच्या डॉक्टरांना विचारून वेदनाशामक गोळी स्कॅनच्या पाऊण तास आधी. पाठीखाली, त्या बाजूच्या पात्यामागे पातळ पॅड दिलं तरी बऱ्याच जणांना हात खाली सोडता येतो. सर्वांत आधी कोरोनल टी२ फॅट सॅट आणि ॲक्सियल पीडी घ्या, म्हणजे मध्येच उठला तरी वाचण्यासारखं काहीतरी हातात राहील. आणि हात आत वळलेला असतानाच घ्यावं लागलं तर टेक्निशियनच्या नोंदीत तसं लिहा.